टाइमओ ६०० म्हणजे नेमकं किती? एनएफएसच्या टाइमआउट-रिट्रायची नोंद लिहिताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पन्नास-साठ लिनक्स मशीन, एकाच स्टोरेजवरून एनएफएसने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवरच्या फाइली वापरण्याची पद्धत) माउंट केलेले, म्हणजे जोडून घेतलेले, सात-आठ शेअर. ऑडिटरने शेरा मारला की टाइमआउट आणि रिट्रायच्या सेटिंग्जची लेखी नोंद नाही. तुम्ही मॅन पेज (लिनक्ससोबत येणारं माहितीपान) समोर ठेवून ऑप्शन, डिफॉल्ट, अर्थ असा तक्ता केलात आणि साहेबांनी 'यातून मला काही कळलं नाही' म्हणून तो परत पाठवला. आता नेमकं काय लिहायचं, हार्ड ठेवायचं (सर्व्हर येईपर्यंत थांबून राहायचं) की सॉफ्ट (मुदत संपली की एरर द्यायची), आणि विंडोजचे शेअर याच पानावर घ्यायचे का, हे तुम्ही विचारलंय.

साहेबांचं बरोबर आहे. मॅन पेज प्रत्येक मशीनवर आहेच, त्याची नक्कल करून तुमच्या कंपनीला नवं काही मिळत नाही. ज्याला हे पान लागणार आहे तो माणूस ते उघडेल तेव्हा सर्व्हर गप्प झालेला असेल, फोन वाजत असतील, आणि त्याला दोनच गोष्टी हव्या असतील: हे अजून किती वेळ असंच राहणार, आणि मी हात लावायचा की नाही. तुमच्या नोंदीने याचं उत्तर द्यायचंय. ऑप्शनचे आकडे त्या उत्तराच्या पोटात येतात, उलट नाही.

(ऑप्शनांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. तुमच्या पानावर ती फाइलमध्ये असतात तशीच ठेवा, म्हणजे शोधताना सापडतील.)

आधी एकक. एनएफएसमधले बरेचसे घोळ इथेच होतात, कारण एकाच ओळीत शेजारी शेजारी बसलेले आकडे वेगवेगळ्या मापात मोजलेले असतात. टाइमओ हा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ६०० लिहिलं की ६० सेकंद. रिट्रान्स ही नुसती संख्या, किती वेळा पुन्हा पाठवायचं याची. रिट्राय मिनिटांत, आणि त्याचा चालू माउंटशी काही संबंधच नाही. माउंट कमांडने सुरुवातीला किती वेळ प्रयत्न करत राहायचं तेवढंच तो सांगतो. त्यात एसीटाइमओ आला की तो सेकंदांत, आणि तो तर टाइमआउटही नाही, फाइलची माहिती कॅशमध्ये किती वेळ खरी मानायची त्याची मुदत आहे. नाव सारखं दिसतं म्हणून लोक दोन्ही एकाच रकान्यात टाकतात. सोलारिसवरून आलेली जुनी कागदपत्रं तुमच्याकडे असतील तर आणखी जपा: तिथे रिट्राय म्हणजे मिनिटं नव्हेत, प्रयत्नांची संख्या. डिफॉल्ट आकडा १०,००० दोन्हीकडे भेटतो, म्हणून चूक लक्षातही येत नाही. लिनक्सवर बॅकग्राउंड माउंटसाठी (बीजी, म्हणजे पडद्याआड प्रयत्न करत राहणारा) तो १०,००० मिनिटं आहे, आठवड्याला ८० मिनिटं कमी. फोरग्राउंडसाठी फक्त २ मिनिटं.

म्हणून पहिला नियम मी आमच्या टीममधल्या मुलांना सांगतो तो हा, की आकडा कधीही एकटा लिहायचा नाही. 'टाइमओ ६००' नाही, 'टाइमओ ६०० (६० सेकंद)'. ॲमेझॉनच्या ईएफएसची (त्यांची क्लाउडवरची एनएफएस सेवा) मार्गदर्शिका बघा, तिथे वाक्य साधारण असं आहे की टाइमओ बदलायचाच असेल तर किमान १५० ठेवा, म्हणजे १५ सेकंद. आकडा, एकक आणि किमान मर्यादा, तिन्ही एका दमात. नोंद अशी लिहायची.

हे मी एवढं का ताणतोय त्याला कारण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका कंपनीत स्टोरेज सांभाळत होतो. तिथला एक प्रोग्राम रात्रभर पावत्यांच्या पीडीएफ बनवून एनएफएस शेअरवर टाकायचा. एका शनिवारी रात्री फर्मवेअर अपग्रेड होतं. स्टोरेजचा एक कंट्रोलर खाली जाऊन दुसऱ्याने काम उचलायला चाळीसेक सेकंद लागले, जे अगदी अपेक्षित होतं. आम्ही खूश होऊन घरी गेलो. सोमवारी सकाळी हिशेब विभागातून फोन, काही पावत्या उघडतच नाहीत. बघतो तर फाइल आहे, नाव बरोबर, वेळ शनिवार रात्रीची, आकार शून्य बाइट. आणि डेटाबेसमध्ये त्या प्रत्येक पावतीपुढे 'तयार' असा शिक्का.

एफएसटॅब (कोणता शेअर कुठल्या ऑप्शनांनी माउंट करायचा ती फाइल) उघडली तर माउंटच्या ओळीत सॉफ्ट, टाइमओ १४, रिट्रान्स २. आमच्या अंतर्गत पानावर याची नोंद होती बरं का! तक्त्यात एक ओळ: 'टाइमओ, १४, टाइमआउट.' बस. ज्याने वाचलं त्याने १४ सेकंद समजून घेतलं, आणि रिट्रान्स २ धरून पाऊण मिनिट तरी निभेल असा मनात हिशेब केला. प्रत्यक्षात १४ म्हणजे १.४ सेकंद. चार-पाच सेकंदांत क्लायंट, म्हणजे शेअर वापरणारं मशीन, हात वर करत होता. हा १४ आला कुठून? एनएफएस टीसीपीऐवजी यूडीपीवर (नेटवर्कवरून डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती) चालायचं त्या काळातल्या मार्गदर्शिकांमध्ये आरसाइझ ८१९२, डब्ल्यूसाइझ ८१९२, टाइमओ १४, इंटर अशी उदाहरणाची ओळ असायची, ती जगभर एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत चिकटवली गेली. आजही भेटते. त्यातला इंटर तर २.६.२५ नंतरच्या कर्नलमध्ये निव्वळ शोभेला आहे. आमच्याकडे ती ओळ ज्याने टाकली तो नोकरी सोडून गेलेला होता, आणि 'का' हा रकाना तक्त्यात नव्हताच.

आता शून्य बाइट का, तेही बघा, कारण हार्ड-सॉफ्टचं उत्तर यातच आहे. प्रोग्राम राइट करतो तेव्हा डेटा बहुतेक वेळा लगेच सर्व्हरकडे जात नाही. तो क्लायंटच्या मेमरीत, पेज कॅशमध्ये जातो आणि प्रोग्रामला 'झालं' असं उत्तर मिळतं. खरी पाठवणी नंतर होते. सॉफ्ट माउंटवर ती पाठवणी मुदतीत झाली नाही तर कर्नल इनपुट-आउटपुट एरर नोंदवतो, पण ती प्रोग्रामला कळते एफसिंक (डेटा खरोखर पोचवून घेणं) किंवा क्लोज (फाइल बंद) करताना. आमच्या प्रोग्रामने क्लोजचं उत्तर कधी तपासलंच नव्हतं. किती प्रोग्राम तपासतात? फाइल आधीच तयार झाली होती, आतला मजकूर वाटेतच गेला. एनएफएसच्या मॅन पेजमध्ये स्पष्ट शब्दांत इशारा आहे की सॉफ्ट टाइमआउटमुळे काही वेळा गुपचूप डेटा खराब होऊ शकतो. गुपचूप हा शब्द महत्त्वाचा.

तेव्हा माझं मत, आणि त्यात मी फारशी सूट देत नाही: ज्या शेअरवर कोणीही काहीही लिहितं तो हार्ड. सॉफ्ट फक्त तिथे, जिथे निव्वळ वाचन आहे आणि जे वाचायचंय ते दुसरीकडूनही मिळू शकतं. पॅकेजांचा साठा, आयएसओ, असलं काही. नव्या कर्नलमध्ये सॉफ्टएर नावाचा प्रकार आहे. तो मुदत संपल्यावर सरसकट इनपुट-आउटपुट एरर न देता 'वेळ संपली' अशी वेगळी एरर देतो. तुमचा प्रोग्राम ती ओळखून पुन्हा प्रयत्न करणारा असेल तर उपयोग, नाहीतर नाव बदलून तेच. 'हार्ड ठेवलं की मशीन लटकतं' ही तक्रार तुम्हाला ऐकावी लागेल. लटकतं, खरं आहे. पण लटकलेली प्रोसेस सर्व्हर परत आला की जिथे होती तिथून पुढे जाते. आणि पूर्वीसारखं मशीनच रीबूट करावं लागेल असंही राहिलेलं नाही. अडकलेल्या प्रोसेसला किल -९ दिलं की ती सहसा मरते.

आता मूळ कामाकडे येऊ. माझ्या अनुभवात सगळ्यात उपयोगी पडलेलं पान म्हणजे एका बंद पडण्याची सेकंदवार कहाणी. एक शेअर घ्यायचा, सर्व्हर शून्याव्या सेकंदाला गप्प झाला असं धरायचं, आणि कोण कधी कंटाळतो ते लिहीत जायचं. हार्ड, टाइमओ ६००, रिट्रान्स २ आणि टीसीपी हे लिनक्सचे डिफॉल्ट धरले तर कहाणी साधारण अशी होते.

सुरुवातीला काहीच दिसत नाही. कॅशमधल्या गोष्टी वाचता येतात, लिहिणारे लिहीत राहतात, कारण ते मेमरीत लिहितायत. ज्याला सर्व्हरकडून खरोखर काही हवंय तो थांबतो, पीएसमध्ये (चालू प्रोसेसची यादी) त्याच्यापुढे डी, म्हणजे अडकलेला, असं दिसतं, आणि लोड ॲव्हरेज चढायला लागतो, जरी सीपीयू मोकळा असला तरी. साठाव्या सेकंदाच्या आसपास वरचे लोक कंटाळतात. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर प्रॉक्सी (मधला मध्यस्थ) म्हणून बसवला असेल तर मागून उत्तर येण्यासाठी त्याची डिफॉल्ट मुदत ६० सेकंद आहे, म्हणजे वापरकर्त्याला ५०४ (मागून उत्तर वेळेत आलं नाही) ही एरर दिसते. एनएफएस अजून शांत आहे. १२० सेकंदांनंतर कर्नलच्या लॉगमध्ये अमुक टास्क १२० सेकंदांपेक्षा जास्त काळ अडकलाय अशी ओळ येऊ शकते. नवखा माणूस ती वाचून कर्नलचा बग शोधायला लागतो. आणि मग साधारण १८० सेकंदांनी, म्हणजे तीन मिनिटांनी, एनएफएसची स्वतःची ओळ येते: सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग.

तीन मिनिटं कुठून आली? टीसीपीवर क्लायंट दर वेळी मुदत टाइमओइतकी वाढवत नेतो. आधी ६० सेकंद थांबला, मग १२०, बेरीज १८०. (ही वाढ कमाल ६०० सेकंदांपर्यंत जाते. यूडीपीवर वेगळा हिशेब, दर वेळी दुप्पट, पण यूडीपी आता विसरा, ५.६ कर्नलपासून तो डिफॉल्ट बंदच आहे.) हा आकडा तुमच्या पानावर ठळक हवा, कारण अनेक ठिकाणी मॉनिटरिंग हीच ओळ बघून अलार्म देतं. म्हणजे तुमचा अलार्म मुळातच तीन मिनिटं उशिरा वाजणार आहे, आणि तोपर्यंत वापरकर्त्यांना दोन-तीनदा ५०४ मिळालेला असेल. हे एकदा कागदावर आलं की 'मग वेगळा तपास लावूया' हे आपोआप सुचतं. आमच्याकडे दर अर्ध्या मिनिटाला शेअरवर एक छोटी फाइल लिहून एफसिंक करणारी स्क्रिप्ट आहे. ती टाइमआउट कमांडमध्ये गुंडाळलेली आहे आणि सिग्नल किल दिलाय, नाहीतर ती स्वतःच अडकून बसते आणि तासाभरात तिच्या शंभर-सव्वाशे प्रती रांगेत उभ्या राहतात. हाही अनुभवच.

कहाणीचा शेवटचा भाग बहुतेक जण लिहीत नाहीत: सर्व्हर परत आल्यावर काय. लॉगमध्ये 'सर्व्हर ओके' आलं, पिंग चालू आहे, तरी फाइल उघडत नाहीत. एनएफएस ४ असेल आणि सर्व्हर रीबूट झाला असेल तर तो सवलतीचा काळ देतो, ज्यात जुन्या क्लायंटनी आपापली लॉक आणि उघड्या फाइली परत मागून घ्यायच्या, नव्यांनी थांबायचं. लिनक्स सर्व्हरवर लीज (क्लायंटचा हक्क किती वेळ टिकतो ती मुदत) आणि हा काळ, दोन्ही डिफॉल्ट ९० सेकंद. या दीड मिनिटात कोणीतरी घाबरून सर्व्हर पुन्हा रीस्टार्ट करतो आणि घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. तुमच्या पानावर एक वाक्य असू द्या: 'सर्व्हर उठल्यावर दीड मिनिट हात लावू नका.' त्या एका वाक्याने आमचे किती तरी तास वाचले असतील.

एनएफएस ४ बद्दल आणखी एक. तिथे टीसीपी कनेक्शन जिवंत असेपर्यंत क्लायंटने तीच विनंती पुन्हा पाठवायची नसते, प्रोटोकॉलचाच नियम आहे. म्हणून 'रिट्रान्स २ म्हणजे विनंती दोनदा परत जाते' असं सरसकट लिहू नका. आवृत्ती ३ साठी ते ठीक, ४ साठी तो आकडा मुख्यतः क्लायंटने कधी हार मानायची किंवा ओरडायचं हे ठरवतो. म्हणूनच नोंदीत आवृत्ती हवीच. आणि आवृत्ती ३ वर टाइमओ कमी करून 'लवकर रिट्राय होईल' ही आशा बाळगणाऱ्यांसाठी: सर्व्हर आधीच धापा टाकत असतो, त्यात तुम्ही तेच काम त्याला पुन्हा सांगता. शिवाय काही कामं दोनदा करण्यासारखी नसतात. फाइल डिलीट झाली, उत्तर वाटेत हरवलं, विनंती पुन्हा गेली, आणि आता उत्तर येतं 'अशी फाइलच नाही'. सर्व्हर अलीकडच्या विनंत्या लक्षात ठेवून हे टाळायचा प्रयत्न करतो, पण रीबूटनंतर त्याची स्मरणशक्ती कोरी असते.

माउंट होतानाचा टाइमआउट हे वेगळं प्रकरण आहे, आणि त्याला वेगळा परिच्छेद द्या. इथे गंमत अशी की दोन मालक आहेत. माउंट कमांड म्हणते मी दोन मिनिटं प्रयत्न करेन. पण बूटच्या वेळी तिला चालवतो सिस्टमडी (मशीन सुरू होताना सगळ्या सेवा उठवणारा प्रोग्राम), आणि त्याची डिफॉल्ट मुदत ९० सेकंद. म्हणजे दोन मिनिटं पुरी व्हायच्या आधीच सिस्टमडी तिला थांबवतो, आणि नोफेल (माउंट झालं नाही तरी बूट पुढे जाऊ दे) नसेल तर मशीन बूट होताना इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसू शकतं. तुमच्या नोंदीत रिट्राय २ मिनिटं असं छान लिहिलेलं असेल आणि प्रत्यक्षात दीड मिनिटात खेळ संपलेला असेल. एफएसटॅबमध्ये बीजी लिहिलंत तर सिस्टमडी ते ओळखतो आणि आतल्या आत बदलून घेतो: माउंटची मुदत अमर्याद, रिट्राय १०,०००, फोरग्राउंड आणि नोफेल. त्यामुळे 'बीजी' या दोन अक्षरांचा अर्थ आज तो नाही जो वीस वर्षांपूर्वी होता, जरी शेवटी परिणाम जवळपास तोच असला तरी. हे पानावर एका ओळीत यायला हवं, नाहीतर कोणीतरी बीजी काढून टाकेल आणि पुढच्या वीज जाण्यानंतर, स्टोरेज उठायच्या आधी उठलेली मशीन अर्ध्या बूटवर अडकलेली दिसतील.

आता आकडे घ्यायचे कुठून. एफएसटॅबमधून घेऊ नका, म्हणजे फक्त तिथूनच घेऊ नका. मघाच्या पावत्यांच्या भानगडीनंतर आम्ही सगळ्या मशीनवर एफएसटॅब दुरुस्त केली, हार्ड आणि ६००, रिमाउंट मारलं आणि नोंदही नवी केली. दोन महिन्यांनी कळलं की निम्म्या मशीनवर अजून १४ च चालू होता. रिमाउंटने हे आकडे बदलत नाहीत. पूर्ण अनमाउंट करून पुन्हा माउंट करावं लागतं, आणि ती मशीन तेव्हापासून रीबूटच झाली नव्हती. खरं काय चालू आहे ते एनएफएसस्टॅट -एम सांगतं, किंवा प्रोकमधली माउंट्सची यादी. एकच एक्सपोर्ट दोन जागी वेगवेगळ्या आकड्यांनी माउंट केला असेल तर तेही तिथेच तपासा. क्लायंट दोन्हींसाठी एकच कॅश वापरतो आणि दुसऱ्याला पहिल्याचेच आकडे लागलेले आढळू शकतात. मात्र रिट्राय आणि बीजी त्या यादीत दिसणार नाहीत, ते माउंट कमांडपुरते असतात, त्यांच्यासाठी एफएसटॅबच. आणि ईटीसीमधली एनएफएसमाउंट कॉन्फ ही फाइल जरूर उघडा. तिच्यात संपूर्ण मशीनसाठी, एखाद्या सर्व्हरसाठी किंवा एखाद्या माउंटसाठी डिफॉल्ट बदलता येतात. ती कोणी उघडत नाही, म्हणून तिथे लपलेला आकडा वर्षानुवर्षं टिकतो.

कागदावरच्या हिशेबावरही फार विसंबू नका. मी वर १८० सेकंद म्हटलं ते डिफॉल्टसाठी. तुम्ही टाइमओ आणि रिट्रान्स दोन्ही बदललेत, मध्ये फायरवॉल आहे, कर्नल वेगळा आहे, तर मोजून बघा आणि मोजलेला आकडा लिहा. प्रयोग सोपा आहे. चाचणीचं एक क्लायंट मशीन घ्या, त्याच्याच फायरवॉलमध्ये सर्व्हरच्या २०४९ पोर्टकडे जाणारी पॅकेट ड्रॉप करा, एका खिडकीत लॉग वेळेसह चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीतून एक नवी फाइल लिहून एफसिंक करा. पॅकेट रिजेक्ट करू नका, ड्रॉपच करा. रिजेक्टमध्ये क्लायंटला तत्काळ नकार मिळतो, म्हणजे दारावर पाटी लावल्यासारखं. ड्रॉपमध्ये दार वाजवत राहायचं आणि आतून आवाज नाही. केबल तुटते, स्विच मरतो, तेव्हा दुसरी गत होते आणि टाइमआउट तिथेच कामाला येतात. सर्व्हरची सेवा नुसती बंद करून घेतलेली चाचणी म्हणूनच फसवते. एलएस मारून बघू नका, कॅशमधून उत्तर येईल आणि तुम्ही म्हणाल सगळं छान आहे.

एवढं सगळं करून झाल्यावर एका शेअरची नोंद कशी दिसावी, तर आमच्याकडची एक थोडी बदलून देतो:

'पावत्यांचा शेअर. एनएफएस ४.१, टीसीपी, हार्ड, टाइमओ ६०० (६० सेकंद), रिट्रान्स २. बूटला बीजी, म्हणजे स्टोरेज नसलं तरी मशीन उठेल आणि माउंट मागाहून होईल.

सर्व्हर गप्प झाला तर पावती बनवणारा प्रोग्राम थांबून राहतो, एरर देत नाही. वेबवर ६० सेकंदांनी ५०४. आपल्या स्क्रिप्टचा अलार्म साधारण एका मिनिटात, कर्नलची ओळ साधारण ३ मिनिटांनी. सर्व्हर परत आला की प्रोग्राम स्वतः पुढे चालू लागतो. सर्व्हर रीबूट झाला असेल तर आणखी ९० सेकंदांपर्यंत थांबा.

करू नका: प्रोग्राम किल करणं, अनमाउंट -एल. अर्धवट लिहिलेली बॅच हाताने निस्तरावी लागते.

हे आकडे का: कंट्रोलर बदलायला मोजून ४० सेकंद लागतात, तेवढ्यात एकही एरर यायला नको. सॉफ्ट चालणार नाही, प्रोग्राम क्लोजचं उत्तर तपासत नाही.

ड्रॉप चाचणीने तपासलं, तारीख आणि कर्नलची आवृत्ती अशी अशी. पुन्हा तपासणं: कर्नल, स्टोरेजचं फर्मवेअर किंवा प्रॉक्सीची मुदत बदलली की.'

बघा, ऑप्शनचे आकडे पहिल्या ओळीत संपले. बाकी सगळं 'मग काय होतं' आणि 'का' आहे. सगळ्यात जास्त भांडणं 'का'च्या परिच्छेदावर होतात आणि व्हायलाच हवीत. तिथे जर कोणाला काही लिहिता येत नसेल, तर तो आकडा कोणीतरी कुठूनतरी चिकटवलेला आहे असं समजा आणि डिफॉल्टवर परत जा. डिफॉल्ट असेल तरी तसं लिहा: 'डिफॉल्टच ठेवला, बदलायचं कारण सापडलं नाही.' हेही कारण आहे. आणि डिफॉल्ट असला तरी टाइमओ ६०० एफएसटॅबमध्ये स्पष्ट लिहून ठेवायला हरकत नाही, वाचणाऱ्याला शोधाशोध नको.

क्लाउडवरचे शेअर असतील तर सेवा देणाऱ्याने सुचवलेली पूर्ण ओळ घ्या आणि प्रत्येक शब्दाचं कारण पानावर उतरवा. ईएफएससाठी नोरेझव्हपोर्ट सांगितलेलं असतं. ते टाइमआउट नव्हे, पण नातं घट्ट आहे: कनेक्शन तुटून पुन्हा जोडताना क्लायंट नवा पोर्ट वापरतो आणि त्यामुळे नेटवर्कमधल्या अडथळ्यानंतर माउंट अडकून राहत नाही. कारण न लिहिल्यास पुढचा माणूस 'हे कशाला' म्हणून काढून टाकतो.

पान ठेवायचं कुठे? एफएसटॅबमध्ये त्या ओळीच्या वर टिप्पणी टाकून पानाचा पत्ता द्या. तुम्ही मशीन अन्सिबलने (अनेक मशीनच्या सेटिंग्ज एका जागेवरून लावणारं साधन) सांभाळत असाल तर आकडे तिथल्या व्हेरिएबलमधून येऊ देत आणि टिप्पणीही तिथूनच छापली जाऊ दे. महिन्यातून एकदा सगळ्या मशीनवरचं एनएफएसस्टॅट -एम गोळा करून नोंदीशी ताडून बघणारं छोटं काम लावलंत तर आमच्यासारखे दोन महिने अंधारात जाणार नाहीत. ऑडिटरलाही तोच अहवाल दाखवता येतो. तक्त्यापेक्षा त्यावर त्यांचा विश्वास लवकर बसतो.

राहिला विंडोजच्या शेअरचा प्रश्न. वेगळं पान करा. सीआयएफएस माउंटला (लिनक्सवर विंडोजचे शेअर जोडण्याची पद्धत) एनएफएसचा टाइमओ लागूच होत नाही. तिथे इको इंटरव्हल आहे, म्हणजे सर्व्हर जिवंत आहे का हे किती वेळाने विचारायचं, डिफॉल्ट ६०, आणि हे ६० सरळ सेकंद आहेत, दहावे भाग नव्हेत. एकाच तक्त्यात एनएफएसचे ६०० आणि त्याखाली हे ६० शेजारी बसले, की कोणीतरी 'दोन्हीकडे सारखंच करून टाकूया' म्हणून इकडे एक शून्य वाढवतो. मग मेलेला विंडोज सर्व्हर मेला आहे हे कळायलाच वीस-तीस मिनिटं जातात.